फादरच्या शाळेत लेकरू घालताना: प्रवेशापासून पहिल्या नाताळापर्यंत

मराठवाड्यात कॅथलिक संस्थेच्या शाळेला कुणी मिशनची शाळा म्हणतं, कुणी फादरची शाळा. इथं येणारी बहुतेक कुटुंबं ख्रिस्ती नसतात. कुणी शिस्तीसाठी येतं, कुणी इंग्रजीसाठी. खेड्यावरची आणि तांड्यावरची बरीच मंडळी येतात ती शाळेला लागून वसतिगृह असतं म्हणून. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापाला आपलं लेकरू वर्षभर एका जागी राहून शिकतंय ही फार मोठी गोष्ट असते.

पण मनातले खरे प्रश्न प्रवेशाच्या टेबलावर कुणी विचारत नाही. पोराला प्रार्थनेला बसवतील का? धर्म बदलायला लावतील का? पोळ्याला घरी सोडतील का? एकादशी धरली तर जेवणाचं काय? पालक संकोचतात, शाळा बरंच गृहीत धरते, आणि श्रावणात कुठल्यातरी बारीकशा गोष्टीवरून गैरसमज होतो. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांत एकच धोरण आहे: मनात आहे ते आधी विचारायचं, आणि ठरेल ते लिहून ठेवायचं.

पाचवी ते दहावीच्या, वसतिगृह असलेल्या मुलांच्या शाळा समोर ठेवून हे लिहिलं आहे. घरून ये-जा करणाऱ्यांनी पेटीचा भाग सोडून दिला तरी चालेल.

१. शाळा खरोखर कॅथलिक आहे का, ते बघा

नावात ‘सेंट’ आहे एवढ्यावरून शाळा कॅथलिक ठरत नाही. तालुक्याच्या गावी कितीतरी खासगी शाळांनी असं नाव घेतलेलं असतं, आणि तिथं ना फादर असतात ना चर्च. पावतीवर संस्थेचं नाव वाचा. कॅथलिक शाळा दोघांपैकी एकाची असते: धर्मप्रांताची, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतली, किंवा एखाद्या संन्यस्त संघाची. औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली झाला. मिशनचं काम मात्र त्याहून जुनं आहे. घोगरगावच्या परिसरात ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालं, आणि संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाच्या संघातल्या फादरांचा त्यात मोठा वाटा होता.

शाळा कोणाची हे कळलं की दोन गोष्टी कळतात. एक, मुख्याध्यापकांच्या वर दाद कुणाकडे मागायची. दुसरी, शाळेचा मोठा सण कधी. फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाच्या शाळेत तो २४ जानेवारीला असतो, डॉन बॉस्कोंच्या नावाच्या शाळेत ३१ जानेवारीला. त्या दिवशी पालकांनी आवर्जून जावं. शाळा माणूस म्हणून कशी आहे हे त्या दिवशी जेवढं दिसतं, तेवढं पालकसभेत दिसत नाही.

आत गेल्यावर कोण कोण भेटतं, ते माहीत असू द्या. फादर म्हणजे दीक्षा झालेले धर्मगुरू, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) तेच करतात. ब्रदर म्हणजे संघाचे व्रतस्थ सदस्य किंवा फादर होण्याच्या वाटेवरचे तरुण. वसतिगृहात मुलांसोबत बहुधा तेच राहतात. सिस्टर म्हणजे धर्मभगिनी. मुलांच्या शाळेतही दवाखान्याच्या खोलीत किंवा लहान वर्गांवर त्या असू शकतात. मुख्याध्यापक आणि वसतिगृहाचे प्रमुख बऱ्याचदा वेगळे असतात. अभ्यासाचं मुख्याध्यापकांशी बोला, जेवणाखाण्याचं आणि रजेचं वसतिगृहाच्या फादरांशी. ‘नमस्कार फादर’ एवढं म्हटलं की पुरे. पाया पडण्याची कुणाची अपेक्षा नसते.

आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांत नंबर लागेल या भरवशावर थांबू नका. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना तो कायदा लागू होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला आहे. शाळा अनुदानित आहे की स्वयंअर्थसहाय्यित, हेही विचारा. फीचा आकडा त्यावर अवलंबून असतो. शाळेची फी आणि वसतिगृहाची फी वेगळी असते, दोन्हींची पावती वेगळी घ्या.

२. कागदपत्रं गोळा करा

मराठवाड्यात शाळा जूनच्या मध्याला उघडतात. प्रवेशाची धावपळ मात्र त्याच्या कितीतरी आधी असते, वसतिगृहाच्या जागा तर उन्हाळ्यातच भरतात. मार्चमध्ये एकदा जाऊन फॉर्म कधी मिळणार ते विचारून या. सोबत लागतं ते हे:

- शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे टीसी, आणि शेवटच्या वर्षाचं प्रगतिपुस्तक
- जन्मदाखला
- मुलाचं आणि दोन्ही पालकांचं आधार कार्ड
- जुन्या शाळेकडून सरल प्रणालीतला (राज्याच्या ऑनलाइन शाळा-नोंदीतला) विद्यार्थी क्रमांक, यू-डायसचा (केंद्राच्या शाळा-नोंदीतला) पेन क्रमांक, आणि काढला असेल तर अपार क्रमांक (विद्यार्थ्याचा देशपातळीवरचा ओळख क्रमांक)
- जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर
- मुलाच्या नावाच्या बँक पासबुकाची झेरॉक्स
- पासपोर्ट आकाराचे आठ फोटो, आणि मुलाला भेटायला किंवा न्यायला येणाऱ्या प्रत्येकाचे दोन-दोन
- डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, लसीकरणाचं कार्ड, रक्तगट
- कॅथलिक मुलासाठी बाप्तिस्म्याचा दाखला आणि आपल्या धर्मग्रामाच्या, म्हणजे आपण ज्या चर्चचे त्या चर्चच्या, फादरांचं पत्र

अडतं ते बहुतेक वेळा नावावर. आधारवर ‘बाळू’, दाखल्यावर ‘बालाजी’, जन्मदाखल्यावर नावच नाही, असा प्रकार घरोघर असतो. आधार आणि शाळेची नोंद जुळली नाही तर अपार क्रमांक निघत नाही आणि शिष्यवृत्तीचा फॉर्म अडकतो. जुनी शाळा सोडण्याआधीच तिथल्या जनरल रजिस्टरमधली नोंद डोळ्यांनी बघा. चूक असेल तर तिथूनच दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवायला सांगा. एकदा दहावीच्या बोर्डाच्या कागदावर चुकीचं नाव गेलं की निस्तरायला वर्षं जातात.

जात आणि धर्माच्या रकान्याबद्दल नीट ऐका. जुन्या दाखल्यावर जे आहे तेच नव्या शाळेत येतं, आणि तेच यायला पाहिजे. मिशनच्या शाळेत शिकल्यामुळे कुणाचा धर्म बदलत नाही आणि जातीच्या दाखल्यावर काहीही परिणाम होत नाही. ‘ख्रिस्ती लिहा म्हणजे प्रवेश मिळेल’ असं कुणी बाहेरचा माणूस सांगत असेल तर त्याच्या नादी लागू नका. खोटी नोंद पुढे पोरालाच भोवते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती हिंदू, शीख आणि बौद्ध धर्मीयांनाच मिळतात, ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाहीत. आपल्याकडे महार-मांग समाजातल्या अनेक घरांत कागद एक सांगतो आणि देव्हारा दुसरं. त्या घरांनी ही गोष्ट शांतपणे, घरातल्या सगळ्यांनी बसून समजून घ्यावी.

दाखल्यांसाठी तहसीलच्या दारातल्या एजंटाने स्टॅम्प पेपर घ्यायला लावला तर घेऊ नका. जात, उत्पन्न, रहिवास या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मार्च २०२५ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे.

३. प्रार्थनेचं आधीच ठरवा, आणि लिहून द्या

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. पालकांच्या मनात ‘प्रार्थना’ हा एकच शब्द असतो, पण शाळेत त्या शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात.

पहिली म्हणजे सकाळचा परिपाठ. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, सुविचार, आणि सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना. याला सगळी मुलं असतात.

दुसरी म्हणजे धर्मशिक्षणाचा तास. बहुतेक शाळांत त्या वेळी वर्ग दोन ठिकाणी विभागला जातो: कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला जातात, बाकीची मूल्यशिक्षणाला. आपलं मूल कुठं बसणार हे विचारा.

तिसरी म्हणजे मिस्सा, चर्चमधली मुख्य उपासना. कॅथलिक मुलांनी रविवारी मिस्साला जाणं अपेक्षित असतं. इतर मुलं त्या वेळात अभ्यासाला बसतात, किंवा बघायला म्हणून मागच्या चटईवर बसतात. शाळेच्या सणाला मात्र सगळी शाळा एकत्र बसवतात.

कायदा इथं स्पष्ट आहे. सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कुणालाही संमतीवाचून धर्मशिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही, असं राज्यघटनेच्या कलम २८ चं तिसरं पोटकलम सांगतं. मूल अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, असेल तर ती संमती पालकाने द्यायची असते. चर्चचा स्वतःचा कायदाही तेच म्हणतो: कुणालाही त्याच्या मनाविरुद्ध कॅथलिक श्रद्धा स्वीकारायला लावता येत नाही. तेव्हा हा प्रश्न विचारला तर फादरांना राग येईल, ही भीती मनातून काढून टाका. चांगल्या शाळेत उलट हायसं वाटतं.

एका कागदावर साध्या शब्दांत असं लिहून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या:

‘माझा मुलगा (नाव, इयत्ता) सकाळच्या परिपाठाला हजर राहील. धर्मशिक्षणाच्या तासाऐवजी तो मूल्यशिक्षणाच्या तासाला बसेल. मिस्साला बसण्यास आमची हरकत नाही / आहे. आमच्या घरचे उपवास आणि आहाराचे नियम असे: (यादी). त्याच्या अंगावर राहणाऱ्या वस्तू: (करदोटा, माळ, ताईत, कडं).’

शेवटच्या ओळीला किरकोळ समजू नका. गंध, राखी, ताईत, तुळशीमाळ यावरून जेवढे वाद होतात तेवढे प्रार्थनेवरून होत नाहीत. गणवेशात काय चालतं आणि काय नाही, हे प्रवेशाच्या दिवशीच विचारा. शाळा ‘नाही’ म्हणाली तर तुम्हाला त्याच दिवशी विचार बदलता येतो.

ख्रिस्ती पालकांसाठी दोन गोष्टी. कॅथलिक नसलेल्या मंडळीतून, म्हणजे प्रोटेस्टंट चर्चमधून येत असाल तर तसं स्पष्ट सांगा. रोजरी (माळेवर म्हणायची प्रार्थना), संतांचे सण, कम्युनियनचे (मिस्सात पवित्र भाकर घेण्याचे) नियम वेगळे असतात, आणि ‘ख्रिस्ती आहे ना, मग येतंच असेल’ असं धरून चाललं की पोराची पंचाईत होते. कॅथलिक मुलाचं पहिलं कम्युनियन आणि दृढीकरण (बाप्तिस्म्याला जोडून श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालं आहे का, कुठं झालं, याची तारीख दाखल्यासोबत द्या. दृढीकरण शाळेच्या चर्चमध्ये झालं तर त्याची नोंद बाप्तिस्मा झालेल्या धर्मग्रामाला कळवतात, म्हणून त्या धर्मग्रामाचं नाव बिनचूक पाहिजे.

४. पेटी भरा

पत्र्याची पेटी घ्या, बॅग नको. उंदीर, वाळवी आणि पावसाळ्यातली ओल या तिघांना पेटीच पुरून उरते. कुलूप आणि तीन किल्ल्या: एक मुलाकडे, एक वसतिगृहाच्या फादरांकडे, एक घरी.

आत काय? गणवेशाचे दोन जोड, घरचे कपडे तीन जोड, आतले कपडे सहा, टॉवेल दोन, सतरंजी, चादरी दोन, एक पांघरूण, मच्छरदाणी, स्वेटर (डिसेंबरात पहाटे चांगलंच गारठतं), बादली आणि मग, ताट, वाटी, पेला, चमचा, कपड्याचा साबण, अंगाचा साबण, खोबरेल तेल, दंतमंजन, नेलकटर, सुई-दोरा, बॅटरी. चपलेचा एक जोड चामड्याचा नको. पावसाळ्यात आवाराचा काळा चिखल त्याला टिकू देत नाही.

प्रत्येक कपड्यावर आतल्या बाजूने रंगीत दोऱ्याने मुलाचा नंबर शिवा. पेनाने लिहिलेलं तिसऱ्या धुण्याला जातं. टॉवेल आणि अंथरूण दुसऱ्याला वापरायला द्यायचं नाही, हे पोराला बजावून सांगा. वसतिगृहात खरूज एकाला झाली की महिन्यात खोलीभर होते, आणि एकट्याला मलम लावून जात नाही. सगळ्यांना एकाच वेळी औषध द्यावं लागतं.

लाडू, चिवडा, शेंगदाण्याची चटणी पाठवा, पण डबा सगळ्यांत वाटला जाईल हे धरून. मोबाइल आणि सोन्याची वस्तू पाठवू नका. खर्चाचे पैसे पोराच्या हाती न देता ऑफिसात जमा करा आणि खात्याची वही महिन्यातून एकदा बघा.

५. पहिला दिवस

सकाळी लवकर पोचा. दुपारनंतर आलेल्या पोराला उरलेली खाट आणि उरलेला कोपरा मिळतो. पेटी लावून द्या, पाण्याची जागा, संडास, दवाखान्याची खोली त्याच्यासोबत चालून बघा. वरच्या वर्गातला कोणता मुलगा त्याच्या सोबतीला दिला आहे ते विचारा. चांगल्या वसतिगृहात नव्या पोराला एक जुना पोरगा जोडून देतात, जेवायला सोबत नेणं आणि घंटेचा अर्थ सांगणं हे त्याचं काम. अशी रीत तिथं नसेल तर फादरांना तशी विनंती करा, आणि शक्यतो आपल्या भागातला किंवा आपली बोली बोलणारा पोरगा मागा. तांड्यावरून आलेल्या लेकराला गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारं एक माणूस भेटलं की अर्धी लढाई जिंकली.

निरोप घेताना लांबण लावू नका. ‘अमक्या रविवारी येतो’ असं सांगा, आणि त्या रविवारी या. ‘लवकरच येतो’ हे उत्तर पोराला रोज फाटकापाशी उभं करतं.

६. चर्चमध्ये कसं वागायचं

हा भाग लेकराला मोठ्याने वाचून दाखवा.

चर्चमध्ये जाताना इतर मुलं चपला कुठं काढतात ते बघ आणि तसंच कर. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी दाराशीच काढतात आणि चटईवर बसतात. दाराजवळ पाण्याचं छोटं भांडं दिसेल. कॅथलिक मुलं त्यात बोट बुडवून कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा अशी क्रूसाची खूण करतात. तुला ती करायची गरज नाही. हात जोडलेस तरी पुष्कळ झालं.

पुढं एका छोट्या कपाटाजवळ दिवा तेवत असतो. त्या कपाटात पवित्र भाकर ठेवलेली असते, आणि तिथं येशू हजर आहे अशी त्यांची श्रद्धा आहे. म्हणून ती मुलं तिथून जाताना उजवा गुडघा टेकवतात. तू शांतपणे, न धावता जा.

मिस्सा सुरू झाली की सगळे उभे राहतील. मग बायबलमधली वाचनं होतील, तेव्हा बसायचं. शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाचा भाग, वाचताना पुन्हा उभं राहायचं. मधल्या प्रार्थनेला बाकीचे गुडघ्यावर येतात. तू बसून राहिलास तरी चालतं. एका क्षणी सगळे एकमेकांकडे वळून हात जोडतात. ती शांतीची खूण. तूही हात जोड.

नंतर सगळे रांगेने पुढं जातील आणि फादर त्यांना एक पांढरी गोल भाकर देतील. या रांगेत तू जायचं नाहीस. ती प्रसाद नाही. आपल्याकडे प्रसाद सगळ्यांना मिळतो, म्हणून नवी पोरं हमखास इथं चुकतात. ती भाकर त्यांच्यासाठी ख्रिस्ताचं शरीर असते, आणि पहिलं कम्युनियन झालेले कॅथलिकच ती घेतात. चुकून हातात आली तर खिशात घालू नकोस, टाकूही नकोस, लगेच फादरांना परत दे. तुला कुणी रागावणार नाही.

दानाची पिशवी फिरली तर काही टाकायलाच पाहिजे असं नाही.

दुपारी बाराला घंटा होते: तीन टोले, पुन्हा तीन, पुन्हा तीन, आणि मग नऊ. मोठी मुलं चालता चालता थांबतात आणि एक छोटी प्रार्थना म्हणतात. तू फक्त बोलणं थांबव आणि जागेवर उभा राहा. सकाळी आणि संध्याकाळी सहालाही तीच घंटा होते.

७. कामाच्या पाळ्या, पंगत आणि पाणी

वसतिगृहाचा दिवस पहाटे साडेपाचच्या आसपास सुरू होतो: उठणं, तोंड धुणं, अभ्यास, झाडलोट, न्याहारी, शाळा, खेळ, आंघोळ किंवा कपडे, पुन्हा अभ्यास, जेवण, रात्रीची प्रार्थना, दिवे बंद. वेळा शाळागणिक थोड्या इकडेतिकडे.

खरा समाज जमतो तो पाळ्यांमध्ये. झाडू मारणं, वाढपी होणं, भांडी घासणं, झाडांना पाणी घालणं, संडास धुणं ही कामं आठवड्याच्या तक्त्यावर लागतात आणि जात-धर्म न बघता सगळ्यांना फिरून येतात. काही पालक इथं अडतात: आमच्या पोराला संडास धुवायला लावलं! हा तक्ता प्रवेशाच्या आधीच बघून घ्या. पाळी सगळ्यांना सारखी असेल तर ती राहू द्या. एकाच पोराला किंवा एकाच समाजाच्या पोरांना तेच काम पुन्हा पुन्हा येत असेल तर मात्र गप्प बसू नका. तारखा लिहून ठेवा आणि फादरांना दाखवा.

पंगतीतही हेच बघा. मराठवाड्यातल्या गावात आजही कोण कुणाशेजारी बसतं याला अर्थ असतो. इथं नंबरप्रमाणे बसायचं असतं. पोराला घरून निघतानाच सांगून ठेवा.

पाणी मोजून मिळतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ती आठवण इथल्या वसतिगृहांनी विसरलेली नाही. उन्हाळ्यात आंघोळीला एक बादली, कपडे धुणं ठरलेल्या वारीच. घरीच पंधरा दिवस एका बादलीत आंघोळ करायची सवय लावून पाठवा.

८. सण, उपवास, सुट्ट्या

दिवाळीची सुट्टी जिल्हा परिषदेच्या शाळेपेक्षा कमी असू शकते, कारण बऱ्याच मिशनच्या शाळा त्यातले दिवस काढून नाताळाला आठवडाभर किंवा जास्त सुट्टी देतात. वर्षाचं वेळापत्रक जूनमध्येच मागून घ्या. पोळा, महालक्ष्मी, भीमजयंती, ईद यांपैकी घरी कशाला न्यायचं ते ठरवून एकाच अर्जात तारखा द्या. ऐन वेळी फाटकावर येऊन ‘आजच्या आज सोडा’ म्हटलं की तुम्हालाही त्रास आणि पोरालाही.

१७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, शाळेत झेंडावंदन असतं. त्या दिवशी सुट्टी धरून पोराला नेऊ नका.

ख्रिस्ती वर्षातला शांत काळ म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ. तो राखेच्या बुधवारी सुरू होतो. ईस्टर दर वर्षी हलतो, २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो, म्हणजे नेमका परीक्षेच्या सुमारास. राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला चौदा वर्षांवरचे कॅथलिक मांसाहार करत नाहीत. पूर्ण उपवासाचं बंधन अठरा वर्षांनंतर येतं. त्या दिवशी स्वयंपाकघरात सगळ्यांनाच साधं जेवण असतं. कॅथलिक मुलाच्या कपाळावर राखेचा क्रूस दिसला तर तो पुसायला सांगू नये, चिडवू नये.

आपल्या पोराचे उपवासही लिहून दिलेले असू द्या. एकादशीला शेंगदाणे-केळी, श्रावणात शाकाहार, रमजानात पहाटेचं जेवण, हे आधी सांगितलं तर आचारी सोय करू शकतो. आदल्या रात्री सांगितलं तर नाही. वाढत्या वयाच्या पोराने किती उपवास धरावेत याचा मात्र विचार करा. मैदानावर चक्कर येऊन पडणारी पोरं बहुधा उपाशी असतात.

९. पहिले तीस दिवस

तिसऱ्या ते दहाव्या दिवसात पोरं सगळ्यात जास्त रडतात. पोट दुखतं म्हणतात, अंथरूण ओलं होतं, जेवण टाकतात. बहुतेकांचं महिन्याभरात थांबतं. या काळात अर्ध्यातून घरी नेऊन पुन्हा आणून सोडलं की मोजणी पहिल्यापासून सुरू होते. फोनवर ‘जेवलास का, रडतोस का’ यापेक्षा ‘कुणाशेजारी बसतोस, खेळात कुठं उभा राहतोस’ हे विचारा. एक मित्राचं नाव सांगितलं की निर्धास्त व्हा. महिना उलटूनही नाव येत नसेल, वजन उतरत असेल, किंवा पोरगं बोलायचंच बंद झालं असेल, तर स्वतः जा आणि एकांतात बोला.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी: गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास लागतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. निघण्याआधी मुकादमाचा नंबर, कारखान्याचं नाव, आणि गावातल्या दोन नातेवाइकांचे फोटो व आधारच्या प्रती वसतिगृहात देऊन जा. सुट्टीत पोराला कोण नेणार याचं पत्र सहीनिशी द्या. पत्राशिवाय चुलत्याच्या हाती पोरगं दिलं नाही म्हणून पुष्कळ जण चिडतात, पण तसं न देणं हीच खरी काळजी आहे.

१०. सुरक्षितता

शाळा कितीही चांगली असली तरी हे विचारलंच पाहिजे. रात्री मुलांच्या खोलीजवळ कोण झोपतं? तक्रारपेटी कुठं आहे आणि ती कोण उघडतं? मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असणाऱ्या सखी सावित्री समितीत कोण कोण आहे? पोक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, मुलग्यांनाही तेवढाच लागू आहे. ‘पोराला काय होतंय’ ही समजूत घातक आहे. कोणत्याही मोठ्या माणसाने, मग तो फादर असो, शिक्षक असो की वरच्या वर्गातला दादा, नकोसा स्पर्श केला किंवा ‘घरी सांगू नकोस’ म्हटलं तर लगेच सांगायचं, हे पोराला स्पष्ट शब्दांत शिकवा. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर पाठ करून घ्या. मारणं हे शिक्षेत बसत नाही, कायद्याने त्याला बंदी आहे.

तक्रार आधी तोंडी, मग लेखी, मग संस्थेकडे, अशी पायरीने न्या. लैंगिक त्रासाची गोष्ट असेल तर पायऱ्या मोजत बसू नका, थेट पोलिसांत जा.

११. नाताळाची सुट्टी

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून वसतिगृहात गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, बांधायला घेतात. गवत, माती, कागद, बल्ब यांत सगळी पोरं राबतात, आणि त्यातली बहुतेक ख्रिस्ती नसतात. गाण्यांच्या सरावाला ढोलकी वाजवायला कुणीतरी लागतंच; भजनात वाजवणारं पोरगं असेल तर तसं फादरांना सांगून ठेवा. नाताळाचा कार्यक्रम सुट्टी लागण्याआधी होतो, त्याला या. कॅथलिक मुलांना गावच्या चर्चमध्ये २४ च्या रात्रीच्या मिस्साला पोचायचं असतं, म्हणून त्यांना आधी सोडतात. यात पक्षपात नाही.

रजेच्या चिठ्ठीवर परत येण्याची तारीख आणि वेळ लिहिलेली असते. शेवटच्या एसटीने न येता दुपारपर्यंत पोचवा. परतताना संक्रांत जवळ आलेली असते, तेव्हा तिळगूळ सोबत द्या, आणि जरा जास्तच द्या. खोलीत वीस-पंचवीस पोरं असतात, शिवाय आचारी, शिपाई, फादर आणि ब्रदर.